'विंदालू' : व्युत्पत्ती आणि पाकपरंपरा

गोव्याच्या ख्रिस्ती पाकपरंपरेत 'विंदालू' या आंबट-तिखट, लसूणप्रधान कालवणास मानाचे स्थान आहे. नावात 'आलू' ऐकू येतो, तेव्हा त्यात बटाटा असलाच पाहिजे, ही समजूत गोव्याबाहेर, विशेषतः इंग्लंडमधील हिंदी भोजनगृहांत, इतकी रुजली की तेथे मांसाबरोबर बटाटेही शिजू लागले. शब्दाची फोड चुकली आणि पातेल्यात बटाट्याच्या फोडी पडल्या! लोकव्युत्पत्तीने शब्दाचे रूप पालटल्याची उदाहरणे विपुल आहेत. वस्तूच पालटल्याची मात्र थोडी.

ही व्युत्पत्ती टिकणारी नाही. संस्कृतात 'आलु', 'आलुक' हे शब्द कंदवाचक आहेत व हिंदीत त्यांच्या वंशजास बटाटा हा अर्थ प्राप्त झाला, हे खरे. परंतु कोकणी व मराठी या दोन्ही भाषांत त्या कंदास 'बटाटा' म्हणतात, आणि हा शब्दही पोर्तुगीजच. मराठीतील 'अळू' तर निराळीच वनस्पती. ज्या भाषेच्या प्रदेशात 'आलू' म्हणजे बटाटा नव्हे, तेथे घडलेल्या नावात बटाटा शोधणे व्यर्थ होय.

या नावाचे मूळ 'कार्ने द विन्य द आल्युश' या पोर्तुगीज पदबंधात आहे. 'कार्ने' म्हणजे मांस, 'आल्यु' म्हणजे लसूण. 'विन्य' या पदाचा संबंध मद्यवाचक 'विन्यु'शी आहे. मद्य वा शिरका आणि लसूण यांत मुरविलेले मांस, असा एकूण अर्थ. आरंभीचे 'कार्ने' गळाले, षष्ठीदर्शक 'द' पुढील स्वरात मिसळला, तालव्य 'ल्य'चा साधा 'ल' झाला आणि अंत्य 'श' लोपला. गोव्यात रोमन लिपीत हे नाव लिहिताना पोर्तुगीज पद्धतीचे 'एल-एच' हे जोडाक्षर पुष्कळदा राखले जाते. मूळ तालव्य उच्चाराची ती खूणच समजावी.

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला, परंतु द्राक्षमद्य येथे पिकणारे नव्हते. त्याची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या शिरक्याने घेतली. मिरची हीही पोर्तुगीजांच्या व्यापारमार्गांनीच अमेरिकेतून आलेली. सुक्या लाल मिरच्या, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, आले आणि भरपूर लसूण हे सर्व पाण्याऐवजी शिरक्यात वाटावयाचे, ते डुकराच्या मांसास चोळून रात्रभर मुरू द्यावयाचे व मंद आचेवर शिजवावयाचे, ही घरगुती रीत. किनारपट्टीच्या इतर कालवणांप्रमाणे यात नारळाचे वाटण नसते. शिरक्याच्या आम्लतेने मांस टिकते. म्हणून सणापूर्वी करून ठेवलेले विंदालू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक रुचकर मानतात.

लसूण मात्र परदेशाहून आणावी लागली नाही. १८९० मध्ये मध्य आशियात कुचा येथे हाती आलेल्या 'बॉवर हस्तलिखिता'चा प्रारंभच लशुनाच्या गुणवर्णनाने होतो. संस्कृतात तिचे 'रसोन' असेही नाव आहे. षड्रसांपैकी एका रसाने ऊन, म्हणून रसोन, अशी त्याची फोड वैद्यक ग्रंथांत मिळते. आणि तो उणा रस कोणता, तर अम्ल! ही फोडही बहुधा लोकव्युत्पत्तीच असावी. तरीही सोळाव्या शतकात भावमिश्र लशुनात अम्लरस नसल्याचे नोंदवीत असता, त्याच शतकात गोव्यात आलेली ही पाकरीत तिला अम्लातच मुरवू पाहते, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

गोवेकर आचाऱ्यांमार्फत हा पदार्थ ब्रिटिश हिंदुस्थानातील साहेबी स्वयंपाकघरांत गेला. डॉ यांच्या १८८८ च्या इंग्रजी पाकपुस्तकात त्याची 'विंदालू' व 'बिंदालू' अशी दोन्ही रूपे आढळतात आणि त्यास पोर्तुगीज म्हटले आहे. म्हणजे तोवर मूळ विसरले गेले नव्हते. पुढे इंग्लंडमधील भोजनगृहांत 'विंदालू' ही केवळ तिखटपणाची एक पायरी उरली. लसूण व शिरका, ज्यांवरून नाव पडले ती दोन्ही द्रव्ये, मागे पडली.

मादेइरा बेटावर मूळ पदार्थ आजही नाताळात मिरचीच्या भडिमाराविना केला जातो. १८३५ पासून तेथील मजूर ब्रिटिश गयानात गेले, तेव्हा तोही त्यांच्याबरोबर गेला. तेथे मात्र पोर्तुगीज नाव न टिकता 'गार्लिक पोर्क' असे सरळ इंग्रजी नाव रूढ झाले. लसूण नावात उघड राहिली. बटाट्याला तेथे शिरकावच मिळाला नाही.