काडतूस आणि दाब : दोन क्रियापदांमागील इतिहास

रोह्यालगतच्या वरसे परिसरात शेतीविषयक शब्दांची नोंद करीत असता एका वृद्ध शेतकऱ्याच्या बोलण्यातील एक भेद प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात आला. तोंडाकडून दारू घालावयाच्या जुन्या बंदुकीसंबंधी ते ‘ठासली’ म्हणत. काडतुसाच्या बंदुकीसंबंधी मात्र नेमाने ‘भरली’ म्हणत. स्फोटाचा दाब कोणी ठरवावयाचा, या प्रश्नाचा इतिहास या दोन क्रियापदांत साठलेला आहे. अतिशय उच्च दाबाची शिकारी काडतुसे अलीकडे परदेशी बाजारात येऊ लागली आहेत. त्यांचे गुणदोष पारखताना हा इतिहास उपयोगी पडतो.

‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तूश’ याचे रूपांतर होय. त्याचे मूळ ‘कागद’ या अर्थाच्या लॅटिन ‘कार्ता’ शब्दात आहे. आरंभीचे काडतूस म्हणजे मोजलेली दारू व गोळी बांधलेली कागदी पुडीच होती. मराठीत ‘र्त’ हे जोडाक्षर फुटून ‘डत’ झाले. त्यास ‘काडी’ या परिचित शब्दाचा आधार मिळाला असावा, असे आम्हांस वाटते. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते. तेथे पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये ठाणे उभारले आणि १७४० पर्यंत ते त्यांच्याकडे राहिले. दोन शतकांच्या अशा सहवासातूनच या किनाऱ्यावरील मराठीत पोर्तुगीज शब्द रुळले.

ठासणीच्या बंदुकीत दारूचे माप बार काढणाऱ्याच्या हाती असे. अधिक घातली तर नळी फुटण्याचे भय, कमी घातली तर बार फुसका. दोन्हींची जबाबदारी त्याचीच. धातूच्या पुंगळीचे काडतूस आल्यावर हे माप कारखान्याकडे गेले. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली स्थापन झाला, तो याच संक्रमणाच्या काळात.

खरी क्रांती मात्र धूरविरहित दारूने केली. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी ती १८८४ मध्ये सिद्ध केली. ब्रिटिशांनी १८८९ मध्ये कॉर्डाइट काढले. त्यात नायट्रोग्लिसरीन शेकडा ५८, गनकॉटन ३७ व खनिज जेली ५ असे प्रमाण होते. .३०३ काडतूस प्रथम काळ्या दारूचे होते आणि त्याच्या गोळीचा वेग सेकंदास सुमारे १८५० फूट होता. कॉर्डाइट घालताच तो सुमारे २००० फुटांवर गेला. धूर गेला आणि गोळीचा मार्ग सपाट झाला. पण या लाभाचे मूल्य नळीने चुकते केले. उष्ण वायूंनी मेटफर्ड पद्धतीच्या उथळ सर्पिल खाचा लवकर झिजू लागल्या, म्हणून १८९५ मध्ये खोल खाचांची एनफील्ड पद्धती स्वीकारावी लागली. पुढे कॉर्डाइटमधील नायट्रोग्लिसरीनही शेकडा ३० पर्यंत उतरविण्यात आले.

हिंदुस्थानात आणखी एक अडचण उद्भवली, ती उन्हाची. कॉर्डाइट तापले की त्याचा दाब वाढतो. इंग्लंडच्या थंडीत बिनधोक असलेले काडतूस येथील वैशाखात कोठीत घट्ट बसे आणि रिकामी पुंगळी बाहेर निघत नसे. जखमी वाघासमोर पुंगळी अडकणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. म्हणून उष्ण देशांसाठी काडतुसे करणाऱ्यांनी बुद्धिपुरस्सर मोठी पुंगळी व माफक दाब हा मार्ग धरला. रिग्बी यांचे १९११ चे .४१६ काडतूस हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेव्हा माफक दाब हा मागासलेपणा नव्हता. तो अनुभवाने शिकविलेला विवेक होता.

आता नव्या काडतुसांकडे वळू. .३०३ चा दाब दर चौरस इंचास सुमारे ४९,००० पौंड, .३०-०६ चा ६०,००० व .२७० विंचेस्टरचा ६५,००० पौंड धरला जातो. अमेरिकेतील .२७७ फ्युरी व २०२५ मध्ये जाहीर झालेले ७ मिमी बॅककंट्री यांचा दाब ८०,००० पौंडांपर्यंत पोहोचतो. एवढा ताण केवळ पितळेस सोसत नाही. म्हणून पहिल्याच्या पुंगळीचा तळ पोलादी आहे, तर दुसऱ्याची सबंध पुंगळीच पोलादी आहे. लाभ उघड आहे. पूर्वी लांब नळीवाचून न मिळणारा वेग आखूड नळीतून मिळतो. ७ मिमी बॅककंट्रीची १७० ग्रेनची गोळी २० इंची नळीतून सेकंदास सुमारे ३००० फूट वेगाने सुटते. डोंगरात हिंडणाऱ्यास हलकी व आटोपशीर रायफल पुरते, दूरच्या नेमास गोळीचा झोल कमी पडतो.

दोषही जुन्याच जातीचे आहेत. नळीची झीज वाढते, आवाज व धक्का वाढतो, काडतूस महाग पडते आणि रायफल त्याच दाबासाठी घडविलेली असावी लागते. मुख्य म्हणजे चुकीस जागा उरत नाही. नळीत राहिलेला कचरा किंवा भलत्या रायफलीत गेलेले काडतूस यांचा परिणाम दाबाबरोबर भयंकर होत जातो. आणि वेग वाढला म्हणून नेमबाज सुधारत नाही. दुरून केलेल्या हलगर्जी नेमाने जनावर जखमी होऊन तडफडत राहते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा छंद संपविला, ते योग्यच झाले. १९५९ च्या शस्त्र कायद्याने मात्र पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद ठेवली आहे. त्यामुळे ‘ठासणे’ हे क्रियापद अद्याप कोशापुरते उरलेले नाही. ‘ठासून सांगणे’ या प्रयोगातही बोलणाऱ्याचा स्वतःचा हात व स्वतःची जबाबदारी गृहीत असते. ‘भरणे’ या शब्दात ती जबाबदारी दूरच्या, न पाहिलेल्या कारखान्याकडे सोपविलेली आहे. दाब जसजसा वाढतो, तसतसा हा विश्वास अधिक मोठा ठेवावा लागतो. नव्या काडतुसाची परीक्षा करणाऱ्याने वेगाच्या आकड्याबरोबर हाही हिशेब मांडला पाहिजे.