दोन रियालचा हिशोब

मंडळी, आदिवासी भागातल्या कामासाठी मदतीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "पैसे पोचतात का हो नक्की?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी गडचिरोलीचा इतिहास बघूया.

२३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी भामरागडजवळ हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. गडचिरोली जिल्हा तेव्हा झालाही नव्हता, तो १९८२ चा. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया भाषा शिकले आणि झाडाखाली पेशंट तपासू लागले. दवाखान्याची इमारत उभी राहिली ती १९७५ मध्ये 'स्विसएड' या स्वित्झर्लंडच्या संस्थेची मदत आल्यावर. १९७६ ला शाळा निघाली. शिकारीत आई गमावलेली पिल्लं सांभाळता सांभाळता प्राण्यांचं अनाथालयही झालं. आरोग्य, शिक्षण आणि जंगल, तिन्ही एकाच अंगणात!

१९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले. त्यांच्या 'सर्च' संस्थेच्या दवाखान्याला गोंडांच्या दंतेश्वरी देवीचं नाव आहे. जिल्ह्यातल्या ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. तीन वर्षांत नवजात मृत्यूचं प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी उतरलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हे छापलं, खर्चासकट: दर बाळामागे ५.३ डॉलर. आपल्या हिशोबाने जेमतेम दोन रियाल.

आमच्या आयटीच्या भाषेत हा पायलट प्रोजेक्ट. सरकारने २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत तो देशभर नेला. पण सरकारी योजना सिद्ध झालेल्या गोष्टीवरच येते. सिद्ध होईपर्यंतची वर्षं देणगीदारांच्या पैशावर काढावी लागतात. आणि त्या वर्षांतला मोठा खर्च असतो माणसांच्या मानधनाचा. इमारतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, मानधनावर कुठली लागणार? म्हणूनच असा पैसा मिळवणं सगळ्यात कठीण.

इथे आपण गल्फवाले उपयोगी पडू शकतो. आपल्यापैकी बहुतेकांकडे अजून भारतीय पासपोर्टच आहे. भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी २०१० च्या परदेशी देणगी कायद्यात 'परदेशी' धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आपल्या भावाबहिणींची मात्र धरतात. ओमानमध्ये परवानगीशिवाय जाहीर वर्गणी गोळा करता येत नाही, तेव्हा डबा फिरवायच्या भानगडीत न पडता ज्याने त्याने आपापल्या खात्यातूनच पाठवावं.

रक्कम छोटी असली तरी चालेल, पण दर महिन्याला जाऊ द्या आणि अमुकच कामाला वापरा अशी अट नको. वर्षअखेरीस संस्थेचा अहवाल मात्र जरूर मागवा आणि मुलांना बरोबर घेऊन वाचा. पैसे पोचतात का, ते त्यातून कळेलच; शिवाय माडिया कोण, भामरागड कुठे, हे मस्कतमध्ये वाढणाऱ्या मुलांना दुसरं कोण सांगणार?

शुभ दीपावली!