सुगम्य भाड्याचे घर (मालेगाव)

अपंग व्यक्तीला रस्त्यापासून न्हाणीघरापर्यंत दुसऱ्याच्या आधाराविना वावरता येईल असे, भाडेकराराने घेतलेले घर. मालेगावात (जि. नाशिक) हा प्रश्न मुख्यतः तळमजल्याचा आहे. मोसम नदीच्या पूर्वेकडील दाट वस्तीत खाली यंत्रमाग किंवा दुकान आणि वर बिऱ्हाड ही रचना सर्रास दिसते. वर जाणारा जिना अरुंद आणि उभा असतो. कॅम्प, संगमेश्वर, सोयगाव या भागांत सदनिकांच्या इमारती आहेत. पण लिफ्टची सक्ती साधारण १५ मीटरहून उंच इमारतींनाच असल्याने तीन-चार मजली इमारत जिन्यावरच भागवते, आणि तळाशी पार्किंग ठेवले की पहिले घरही जिना चढूनच गाठावे लागते.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक सूचनांत उताराचे प्रमाण १:१२, दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर आणि चाकाची खुर्ची वळवण्यासाठी १५०० मिलिमीटर व्यासाची जागा सांगितली आहे. जुन्या घराचा ओटा ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर या हिशेबाने ५.४ मीटर लांबीचा उतार लागतो. गल्लीत तेवढी जागा क्वचितच मिळते. शिवाय ती जागा घरमालकाची नसून सार्वजनिक रस्त्याची असते. त्यामुळे घर पाहताना खोल्यांच्या संख्येआधी ओटा, उंबरठा आणि संडासाचे दार मोजणे शहाणपणाचे. दृष्टिहीन भाडेकरूची गरज निराळी: कानाने वाट ओळखणाऱ्याला शेजारच्या मागांचा खडखडाट पायरीइतकाच अडसर ठरतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ (अंमल १९ एप्रिल २०१७) २१ प्रकारची अपंगत्वे मानतो. कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी देता येत नाही. मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी प्रकरणात या कायद्याखालील नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातील मानके बंधनकारक नसून केवळ शिफारसवजा होती. जुन्या खासगी घरांना तर या तरतुदींचा फारसा स्पर्शच होत नाही.

खरी गाठ पडते ती घरमालकाशी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, व नोंदणीची जबाबदारी मालकाची. कलम १६ नुसार मालकाच्या लेखी संमतीविना कायम स्वरूपाचे बांधकाम केल्यास भाडेकरूकडून जागा परत मागता येते. लाकडी पडदी, स्वयंपाकाचा ओटा, खोटे छत, वातानुकूलन यंत्र यांना त्यातून सूट आहे. उतार आणि आधारदांडे त्या यादीत नाहीत. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानुसार भाडेकरूला स्वखर्चाने असे वाजवी बदल करू देणे मालकावर बंधनकारक आहे. तशी स्पष्ट तरतूद येथे नसल्याने कोणते बदल करायचे, खर्च कोणाचा आणि घर सोडताना ते काढायचे की ठेवायचे, हे प्रचलित अकरा महिन्यांच्या करारातच लिहून घ्यावे लागते. भिंतीला हात न लावता काम भागवणारी साधने, म्हणजे सुटा उतार किंवा कमोडची खुर्ची, त्यामुळेच अधिक सोयीची ठरतात.

सरकारी गृहयोजनांच्या वाटपात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ३७ नुसार लक्षणीय (४० टक्के वा अधिक) अपंगत्व असणाऱ्यांना ५ टक्के आरक्षण असून त्यात स्त्रियांना प्राधान्य आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत अपंगांना तळमजला किंवा खालचा मजला देण्याची सूचना आहे. हे लाभ मुख्यतः मालकीच्या घराचे. खासगी मालकाकडून भाड्याने घेतलेल्या घरासाठी त्यांचा उपयोग नाही. हक्कभंगाची तक्रार पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते. ते चौकशी करून संबंधित यंत्रणेला दुरुस्तीची शिफारस करतात.