केस पेपरच्या आधीची नोंद

पिंपळीतल्या एखाद्या तृतीयपंथी व्यक्तीला ताप आला, तर सरकारी दवाखाना काही लांब नाही. जवळच बारामतीत उपजिल्हा रुग्णालय आहे, २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. तरी केस पेपर काढताना पाय अडखळतात. "लाजतात हो ते," असं आपण म्हणून मोकळे होतो. पण ही नुसती लाज आहे का? जरा मागे जाऊन बघू.

मराठेशाहीत दख्खनमधल्या काही हिजड्यांना ठरावीक गावांतून पैसा-धान्य मागण्याचा हक्क होता, काहींना इनाम जमीनही होती. म्हणजे सरकारी दप्तरात त्यांची नोंद हक्कदार म्हणून होती. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने हे हक्क पुढे चालवायला नकार दिला.

मग आला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची संशयित म्हणून नोंदवही ठेवायची तरतूद होती. नोंद झालेल्याने बायकी कपडे घालून रस्त्यावर येणं हाही गुन्हा! हा कायदा तेव्हा उत्तर भारतापुरता होता, पण सरकारची नजर कशी बदलली हे त्यातून कळतं.

१८८४ मधला खैरातीचा खटला बघा. बायकी कपड्यांत गाताना दिसली म्हणून पोलिसांचं लक्ष गेलं, मग सिव्हिल सर्जनकडून शरीराची तपासणी झाली. त्या अहवालावर ३७७ कलमाखाली शिक्षा झाली. गुन्हा कधी, कुठे, कोणासोबत घडला याचा पत्ताच नव्हता, म्हणून अलाहाबाद उच्च न्यायालयाने सुटका केली. इथे डॉक्टर उपचारासाठी आलेलाच नव्हता, तो पोलिसांसाठी पुरावा गोळा करत होता. मुद्दा नेमका हाच आहे.

२०१४ च्या 'नाल्सा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने या खटल्याची आठवण काढली आणि आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने आरोग्यसेवेत भेदभावाला बंदी घातली. २०२२ मध्ये आयुष्मान भारतअंतर्गत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या विम्याची योजना जाहीर झाली. पण त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखपत्र लागतं, म्हणजे पुन्हा नोंदच! यावेळी हेतू चांगला आहे, हे खरं. पण ज्यांच्यासाठी नोंद म्हणजे पाळत होती, त्यांनी लगेच विश्वास कसा ठेवावा?

तुम्ही दवाखान्यात काम करत असाल, तर एवढंच करा: नाव विचारा, सांगतील त्याच नावाने हाक मारा, आणि तापासाठी आलेल्या माणसाचा तापच तपासा.