मांजराच्या घरी कुत्रा : मांजराची जात व स्वभाव (कोवलम, चेन्नई)

घरात मांजर असताना कुत्रा आणण्यापूर्वी त्या मांजराची जात, वय, पूर्वायुष्य आणि स्वभाव यांचा घ्यावयाचा अंदाज. ही नोंद चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ४० किमी.वरील, ईस्ट कोस्ट रोडलगतच्या कोवलम या कोळीगावाला धरून लिहिली आहे. केरळातील कोवलम ते हे नव्हे. हे गाव चेंगलपट्टू जिल्ह्यात मोडते. २०२१ मध्ये येथील किनाऱ्याला ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. येथे दोन तऱ्हांची मांजरे शेजारी शेजारी राहतात. मासळीवर पोसलेली किनाऱ्यावरची गावठी मांजरे ही एक तऱ्हा. रस्त्यालगतच्या बंगल्यांत आणि फ्लॅटांत दाराआड वाढलेली, पुष्कळदा विकत आणलेली मांजरे ही दुसरी. कुत्रा आणायचा म्हटला की या दोघांची गरज अगदी वेगवेगळी असते.

मांजरांच्या जाती ही तशी अलीकडची गोष्ट आहे. पाळीव मांजर फेलिस लिबिका या रानमांजरापासून उतरले आणि माणसाशी त्याची सोबत सुमारे १०,००० वर्षांची आहे; सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे मांजर सापडले आहे. ठरवून पैदास केलेल्या जाती मात्र बहुतेक गेल्या दीडशे वर्षांतल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली हॅरिसन विअर यांनी मांजरांचे प्रदर्शन भरवले. पुढे रंग, केस आणि चेहरेपट्टी पाहून जाती जोपासण्याला जोर आला. राखण, शिकार, मेंढ्या वळणे अशा कामांसाठी कुत्र्यांची निवड झाली, तशी मांजरांची कधी झाली नाही. म्हणून जातीचे नाव कळले की मांजर कळले, असे समजण्यात फसगत आहे.

तरीही जात अगदीच निरर्थक नाही. हेलसिंकी विद्यापीठाने २०१९ मध्ये पाच हजारांहून अधिक मांजरांच्या वर्तनाची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली, तेव्हा जातीजातींत फरक दिसला. ब्रिटिश शॉर्टहेअर माणसाच्या अंगलटीला कमी येते, रशियन ब्लू परक्यांना बुजते, बर्मीज फारसे बुजत नाही. अभ्यासलेल्या तीन जातींत वर्तनातला जवळपास निम्मा फरक आनुवंशिक असल्याचा अंदाज निघाला. चेन्नईच्या घरांत मोठ्या हौसेने पाळल्या जाणाऱ्या पर्शियनबद्दल एवढे सांगता येते की ते सहसा शांत असते, पण चपट्या नाकामुळे त्याला दमट उकाड्यात श्वासाचा त्रास होतो. पाठलाग झाला तर ते धापा टाकते आणि लांब केसांमुळे गोचीड-पिसवा दिसतही नाहीत. त्याची शांतता म्हणजे धिटाई नव्हे. पुष्कळदा ते पळत नाही, जागीच थिजते. सयामी माणसाला चिकटून असते आणि लक्ष वाटले गेले की ओरडून घर डोक्यावर घेते. बिबट्या मांजराच्या संकरातून आलेले बेंगॉल कुत्र्याबरोबर धावायला तयार असते, पण त्याचा खेळ आणि हल्ला यांतली रेघ पुसट असते.

आपल्याकडच्या बहुसंख्य घरांतले मांजर मात्र गावठीच असते, आणि त्याला ठरावीक जात नाही. तिथे जातीऐवजी पूर्वायुष्य विचारावे. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातील आयलीन कार्श यांच्या प्रयोगांतून पिल्लाच्या वयाचा दुसरा ते सातवा आठवडा निर्णायक असल्याचे पुढे आले: त्या काळात ज्याच्या अंगावर माणसाचा हात फिरला, ते पिल्लू पुढे माणसाला सरावते. सँड्रा मॅक्‌क्यून यांच्या १९९५ च्या अभ्यासात धीट बोक्याची पिल्ले नव्या वस्तूंना कमी घाबरताना दिसली, आणि त्या बापाचा सहवास त्यांना लाभला नव्हता. गावठी मांजराचा बाप बहुधा कुणालाच माहीत नसतो. त्यामुळे उरतो तो एकच मार्ग, समोरचे मांजर नीट पाहण्याचा.

तो मार्ग कोवलमच्या किनाऱ्यावर छान शिकता येतो. सकाळी फायबरच्या होड्या वाळूवर ओढल्या की जाळी झटकताना बारीकसारीक मासळी खाली पडते, आणि कावळे, कुत्री, मांजरे एकाच ठिकाणी जमतात. मुरलेली भाटी कधी धावत येत नाही. ती होडीच्या काठावर बसते, कुत्रा खाली हुंगत फिरत असताना शेपूट पायांभोवती गुंडाळून घेते, कान मात्र त्याच्याकडे वळवून ठेवते. कुत्रा चार हात दूर गेला की खाली उतरून मासा उचलते आणि पुन्हा वर जाते. तिला कुत्र्याचे प्रेम नाही, पण त्याचा अंदाज आहे, आणि तिच्याकडे उंचीही आहे. अशी भाटी घरी पाळलेली असेल तर कुत्रा आणण्याचा विचार करायला हरकत नाही. फ्लॅटात जन्मापासून एकही कुत्रा न पाहिलेले, दाराची घंटा वाजताच पलंगाखाली जाणारे आणि पाहुणे गेल्यावरही तासभर बाहेर न येणारे मांजर असेल, तर माझे स्पष्ट मत आहे की त्याच्या हयातीत कुत्रा आणू नये. वयस्क, मूत्रपिंडाच्या दुखण्याचे किंवा गाभण मांजर असेल तेव्हाही तेच.

संशोधनाचा कौलही मांजराच्याच बाजूने आहे. लिंकन विद्यापीठाच्या २०१८ मधील पाहणीत, एका घरातले कुत्रे-मांजर गुण्यागोविंदाने राहतात की नाही हे कुत्र्याच्या वागण्यापेक्षा मांजर कितपत निर्धास्त आहे यावर जास्त अवलंबून असल्याचे आढळले. तेल अवीव विद्यापीठाच्या २००८ च्या अभ्यासात मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत एकत्र आला तर, आणि घरात मांजर आधी आले असेल तर, नाते जुळण्याची शक्यता वाढलेली दिसली. एकत्र वाढलेली जनावरे एकमेकांची भाषाही शिकतात. मांजराने शेपूट उभी धरली तर ती सलामी असते. कुत्र्याची ताठ शेपूट ताणाची खूण असते. कुत्रा शेपूट हलवतो तेव्हा बहुधा खूश असतो, मांजर ती आपटते तेव्हा चिडलेले असते. हे माहीत नसलेला घरमालक ‘बघा, दोघेही शेपूट हलवताहेत’ म्हणून निश्चिंत होतो, आणि पुढच्याच क्षणी कुत्र्याच्या डोळ्याला नखी लागते.

कुत्र्याची निवड त्यानंतरची. तमिळनाडूच्या देशी जातींपैकी चिप्पिपारै आणि कन्नी हे नजरेने शिकार हेरणारे, सशामागे सुटणारे कुत्रे आहेत. महाराष्ट्र-कर्नाटकातला कारवानी किंवा मुधोळ त्याच वळणाचा. पळणारे लहान जनावर दिसले की त्यांचे पाय आपोआप सुटतात. राजपालयम रानडुकराच्या शिकारीसाठी आणि राखणीसाठी प्रसिद्ध आहे. त्यातले काही जन्मतः बहिरे असतात, त्यामुळे मांजराचे फिस्कारणे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. पण इथेही जात म्हणजे सर्वस्व नव्हे: २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात कुत्र्यांच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीने उलगडला. कोवलममधले एखादे गावठी पिल्लू, जे मासळीभोवती मांजराचा पंजा खाऊनच मोठे झाले आहे, ते महागड्या लॅब्रॅडोरपेक्षा बरे ठरू शकते. हौस म्हणून आणलेला, वर्षभराचा, दिवसभर एकटा राहणारा लॅब्रॅडोर प्रेमानेच मांजराला रगडतो, आणि मांजराला त्या प्रेमाचा काहीच उपयोग नसतो.

ओळख वासापासून सुरू करावी. मांजराच्या गालावर घासलेले फडके कुत्र्याच्या बिछान्यात आणि कुत्र्याचे मांजराच्या जागी ठेवावे. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्यावे. मग जाळीच्या दारातून दर्शन, आणि नंतर कुत्रा पट्ट्यावर ठेवून एकाच खोलीत. याला आठवडे लागतात, कधी महिने. मांजराला कुत्रा पोहोचू शकणार नाही अशी एक खोली, कपाटाचा माथा किंवा भिंतीवरच्या फळ्या, आणि स्वतंत्र लिटर ट्रे हवाच. समुद्राकडच्या घरांत ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस आणि वादळे येतात, खिडक्या दिवसेंदिवस बंद ठेवाव्या लागतात आणि सगळे घर एका खोलीत गोळा होते. त्या दिवसांत ओळख सुरू करू नये. जानेवारीची कोरडी हवा आणि उघडी गच्ची मांजराला निघून जाण्याची मुभा देते. निघून जाता येते हे ज्या मांजराला ठाऊक असते, ते बहुधा जात नाही.

नाराज मांजर क्वचितच भांडते. ते खाणे कमी करते, अंग चाटून केस उडवते, ट्रेबाहेर मुतते, दिवसभर वरच बसून राहते. ताणामुळे मूत्राशयाला सूज येते, आणि बोक्याची लघवी अडली तर काही तासांत जिवावर बेतते. दोन-तीन दिवस न जेवलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचते. अशा वेळी ‘सवय होईल’ म्हणून थांबू नये. चेन्नईत वेपेरी येथे १९०३ मध्ये स्थापन झालेले मद्रास पशुवैद्यक महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. पण कोवलमहून तिथे पोचायला तासाहून अधिक वेळ लागतो, हे लक्षात घेऊन जवळचा डॉक्टर आधीच ठरवून ठेवावा.

एक धोका फार कमी जणांना माहीत असतो. किनारपट्टीच्या दमट हवेत कुत्र्यांना गोचिडी भरपूर होतात आणि त्यांवरच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते. मांजराचे यकृत ते फोडू शकत नाही, आणि थरथर, झटके येऊन मांजर मरू शकते. औषध लावलेल्या कुत्र्याला चाटणे किंवा त्याला चिकटून झोपणेही पुरेसे असते. अमिट्राझही मांजराला चालत नाही. म्हणून कुत्र्याचे औषध घेतानाच डॉक्टरला घरात मांजर असल्याचे सांगावे आणि दोघांनाही रेबीजची लस वेळेवर द्यावी. गजकर्ण आणि पिसवा एकाकडून दुसऱ्याकडे जातात, त्यामुळे उपचार दोघांवर एकदमच करावे लागतात.