तीन आण्यांचे एकोणीस

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या पोटात आणखी तीन पै. पावकी, निमकी, पाउणकी, दीडकी घोकून आम्ही पोरांनी हा हिशेब कसाबसा अंगात मुरवला होता. तो मुरतोय न मुरतोय तोच सरकारने बदलला.

बरं, जुनी नाणी काही लगेच गेली नाहीत. आजीच्या कनवटीला जुनी-नवी एकत्रच नांदत. त्यात पाच नव्या पैशांचं नाणं चौकोनी आणि जुनी चवली, म्हणजे दोन आणेही चौकोनी. अंधारात हाताला लागलेलं नाणं कुठलं, यावरून घरात रोज एक तरी वाद.

खरी गंमत वाण्याच्या दुकानातल्या तक्त्यात होती. शंभराला सोळाने भागलं की येतात सव्वासहा. आता सव्वासहा पैसे द्यायचे कसे? म्हणून एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे मात्र एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस.

एका संध्याकाळी आजीने मला पावली देऊन आण्याचा चहा, आण्याचा गूळ आणि आण्याचं रॉकेल आणायला पाठवलं. शेठने एकोणीस कापून सहा नवे पैसे परत दिले. आजीला अक्षर येत नव्हतं. तिने जोंधळ्याचे दाणे घेतले, सहा-सहाचे तीन ढीग केले आणि मोजले. अठरा.

"एक कुठं गेला रं?"

मी सांगून पाहिलं, पण गोळी खाल्ली असणार असं म्हणत तिने कान पिळलाच. रात्री मी न जेवता झोपलो.

सकाळी ती स्वतः दुकानात. शेठ म्हणाला, "मावशी, हे वरनं आलंय, मी नाही केलं." आजीने तक्त्याकडे वाचता येत असल्यासारखं बराच वेळ पाहिलं.

"मंग एकेक घेतलं तर अठराच ना?"

शेठने मान डोलावली. परत येताना ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर मात्र मूठभर शेंगा फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले.

तेव्हापासून एका सामानाला माझ्या तीन खेपा सुरू झाल्या. आधी चहा, मग गूळ, मग रॉकेल. तंबाखूचं मात्र उलटं. जुन्या एका पैशाच्या तंबाखूला आता दोन नवे पैसे पडायचे. चार वेळा घेतली तर आठ, आणि एकदम आण्याची घेतली तर सहाच. म्हणून तंबाखू एकदम. अंडं आण्याला एक जायचं. ते सुटं विकलं तर सहा, चार एकदम विकली तर पावली, म्हणजे पंचवीस. म्हणून चाराच्या खाली अंडी विकायची नाहीत. मास्तरांनी शिकवलेल्या पाढ्यांपेक्षा हा पाढा मला लवकर पाठ झाला. शेठ तर मला लांबून पाहिलं की विचारायचा, "ही कितवी खेप?"

सरकारी कागदावर पुढे आणेवारीचीही पैसेवारी झाली. ती पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळी सवलती मिळायच्या, हे गावात सगळ्यांना ठाऊक. तरी चावडीपुढचा माणूस तलाठ्याला विचारतो, "औंदा आणेवारी किती?"

१ जून १९६४ पासून 'नवा' हा शब्द गेला आणि नुसता पैसा उरला. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आजी अंगणात वाती वळत होती.

"सुनेचं नवंपण वरसात सरतं," ती म्हणाली, "ह्याचं सात वरसं पुरलं."

चुलीपुढे बसलेली आई पदर तोंडाला लावून हसली.