जोतीरावांची हरकत

सातवीच्या मुलांना मी दर वर्षी मंडई दाखवायला नेतो. शाळेपासून पायी वीस मिनिटांवर एवढी मोठी दगडी इमारत उभी असताना मुलांना इतिहास फक्त फळ्यावर शिकवावा, हे मला पटत नाही. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. वाचलेले, ऐकलेले आणि पायाखाली घातलेले एवढेच माझे भांडवल, आणि मुलांना तेवढे पुरते. मधला अष्टकोनी मनोरा, त्याच्याभोवती पसरलेली लांब उतरती छपरे, आणि खाली ओळीने मांडलेले गाळे. मुले भोपळे पाहतात, मी मनोरा दाखवतो.

दोन वर्षांपूर्वी असाच मुलांपुढे उभा राहून मी सांगत होतो, "ही मंडई १८८६ साली सुरू झाली. तेव्हा तिला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांचे नाव होते. पुढे ते बदलून महात्मा फुले मंडई असे झाले. गंमत अशी, की नगरपालिकेत ह्या मंडईचा विषय निघाला तेव्हा जोतीराव फुल्यांनी तिला विरोध केला होता."

मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, "सर, मग नको म्हणणाऱ्याचंच नाव का दिलं?"

मुले हसली, मीही हसलो, आणि तास संपवला. उत्तर मला आले नाही, हे खरे. त्या मुलाची आई लक्ष्मी रस्त्याला मिळणाऱ्या एका बोळाच्या तोंडाशी लिंबे, मिरच्या, आले घेऊन बसते, हे मला ठाऊक होते. पण त्या वेळी ते आठवण्याचे कारण पडले नाही. ते पुढे पडले.

आधी मंडईची हकीकत सांगतो. शनिवारवाड्याचे भूमिपूजन १७३० सालचे आणि वास्तुशांत १७३२ ची. पेशवाई १८१८ साली बुडाली, वाड्याचा पुष्कळसा भाग १८२८ च्या आगीत जळाला, आणि ज्या पटांगणात एके काळी घोडी थयथयत, तेथे भाजीबाजार भरू लागला. उघड्यावर, जमिनीवर गोणपाट टाकून लोक बसत. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, आणि बारमाही सडका पाला. तेव्हा बाजार तेथून हलवावा आणि शुक्रवार पेठेत त्याला पक्की, नळाची, छपराची जागा करून द्यावी, हा विचार काही वाईट नव्हता. शहराच्या मध्यभागाची नव्याने मांडणी करण्याचा इंग्रजी अमलातला तो मोठा बेत होता. आजच्या भाषेत त्याला पुनर्विकास म्हणतात.

जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. त्यांनी ह्या खर्चाला हरकत घेतली. हा एवढा पैसा आधी गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे होते. येथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. जोतीरावांना बांधकाम कळत नव्हते अशातला भाग नाही. ते स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत, आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. दगडाला दर काय पडतो हे त्या सभागृहात त्यांच्याइतके क्वचितच कोणाला माहीत असेल. दुसरे असे, की त्यांच्या घराण्याचे आडनावच फुलांच्या धंद्यावरून पडलेले, आणि वडिलांचा धंदाही फुलांचा नि भाजीचा. भाजीवाल्याला छप्पर मिळू नये असे म्हणणारा तो माणूस नव्हे. त्याचा प्रश्न एवढाच होता, की गावाच्या थैलीतला पैसा प्रथम कोणासाठी सुटणार, आणि हे ठरवताना कोणाला विचारले?

हरकत चालली नाही. मंडई झाली, आणि उत्तम झाली, हेही कबूल केले पाहिजे. शनिवारवाड्यापुढच्या सगळ्या भाजीवाल्यांना प्रथम ती रुचली नाही. जुनी बसण्याची जागा सुटत होती, नवे भाडे लागू होत होते. पण हळूहळू बाजार तिच्यात रुजला. तिच्या आवारात लोकमान्यांचा पुतळा आला. तेथे इतक्या गप्पा, वाद आणि राजकारण झाले, की पुणेकरांनी त्या जागेला 'मंडई विद्यापीठ' ही पदवी देऊन टाकली. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे साहेबांचे नाव जाऊन जोतीरावांचे आले.

आता मंडईकडून शेजारच्या लक्ष्मी रस्त्याकडे येऊ. जुन्या पुण्याचे पत्ते पाहा : उंबऱ्या गणपती, सोन्या मारुती, जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, गरुड गणपती. ही नावे पायी चालणाऱ्याने ठेवलेली आहेत. वाहनात बसलेल्या माणसाला कोपऱ्यावरच्या मारुतीच्या गळ्यातली जिलब्यांची माळ दिसत नाही. ह्या पेठा माणूस, घोडा आणि पालखी एवढ्याच मापाने वसल्या. त्यांच्यामधून लक्ष्मी रस्ता गेला, त्यावर सायकली आल्या, मग स्कूटरी, मग मोटारी, आणि मापच बदलले. मंडईजवळ आर्यन आणि मिनर्व्हा अशी दोन चित्रपटगृहे होती. पैकी आर्यन १९१५ चे. दोन्ही गेली, आणि त्यांच्या जागी वाहनतळ झाले. आमच्या वडिलांनी जेथे बोलपट पाहिले, तेथे आज गाड्या ओळीने अंधारात उभ्या असतात.

ह्याच रस्त्यावर २०२१ च्या डिसेंबरात ११ तारखेला महापालिकेने 'पादचारी दिन' पाळला. उंबऱ्या गणपतीपासून गरुड गणपतीपर्यंतच्या भागात त्या दिवशी वाहनांना मज्जाव. पुढे एका वर्षी मी आईला घेऊन गेलो. आई पंचाहत्तरीची. गेली कित्येक वर्षे ती लक्ष्मी रस्ता ओलांडताना माझे मनगट घट्ट धरते. त्या दिवशी रस्त्याच्या बरोबर मध्यभागी आल्यावर तिने ते सोडले. चार पावले एकटी चालली, थांबली, आणि मान वर करून घरांचे वरचे मजले पाहू लागली. "अरे, इथे अजून लाकडी सज्जे आहेत!" म्हणाली. चाळीस वर्षे ह्या रस्त्याने जाऊन तिने वर पाहिले नव्हते. वर पाहिले तर खाली कोणी धडक देईल, ह्या भीतीने.

घरी येऊन मी उत्साहाने एका वर्तमानपत्राला पत्र लिहिले : हा रस्ता कायमचा पायी चालणाऱ्यांना द्यावा. पत्र छापून आले, आणि मग लोक मला भेटू लागले.

एका कापडाच्या दुकानाचे मालक, माझ्या जुन्या विद्यार्थ्याचे वडील, म्हणाले, "सर, लग्नाचा बस्ता बांधायला माणसं कुठून येतात? सासवडहून, नगरहून, गाडी करून. म्हाताऱ्या आत्याबाई, लेकुरवाळ्या सुना, वीस-वीस साड्यांचे गठ्ठे. गाडी एक किलोमीटरवर ठेवून ही मंडळी चालत येतील? तुम्ही पेन घ्यायला येता, तुमचं ठीक आहे."

एका वाड्यात तीन पिढ्या भाड्याने राहिलेले आजोबा म्हणाले, "वर्षातून एक दिवस फुलांच्या कुंड्या ठेवतात, बाकी तीनशे चौसष्ट दिवस माझ्या दारात दुचाकी उभ्या. आणि कायमचा बंद केलात, तर रात्री छातीत कळ आली की रुग्णवाहिका कुठून आणायची, तेवढं त्या पत्रात लिहायचं राहिलं."

दोघांचेही म्हणणे खोटे नाही. पण ह्या भीतीला जगात एक जुने उत्तर आहे. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात १९६२ साली मध्यवस्तीतली स्ट्रॉइएट नावाची बाजाररांग मोटारींना बंद केली. तेथल्या दुकानदारांनीही गिऱ्हाईक तुटेल म्हणून ओरड केली होती. आमच्या थंडीवाऱ्यात रस्त्यावर कोण हिंडणार, असेही लोक म्हणाले. प्रयोग म्हणून सुरू झालेली गोष्ट १९६४ मध्ये कायम झाली, आणि दुकाने बसली नाहीत, उलट भरभराटली. दूर कशाला, आपल्याकडेच पाहा. अनंत चतुर्दशीला मंडईतून, लोकमान्यांच्या पुतळ्यापासून मिरवणूक निघते आणि हाच लक्ष्मी रस्ता दिवसरात्र पायांचा होतो. आषाढीच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या ह्याच रस्त्याने पुढे मुक्कामाला जातात. त्या वेळी कोणी दुकानदार तक्रार करीत नाही; उलट दारात पाणी आणि केळी घेऊन उभा राहतो. रुग्णवाहिकेचे म्हणाल, तर तिला वाट ठेवून रस्ता बंद करता येतो. तेव्हा लक्ष्मी रस्त्याला चालणे नवे नाही. नवे आहे ते मोटारींचे.

इथपर्यंत माझा युक्तिवाद मला बिनतोड वाटत होता. तो तुटला शाळेत.

पादचारी दिनानंतरच्या आठवड्यात त्या मुलाची सहलीची वर्गणी आली नव्हती. मी विचारले, तेव्हा खाली पाहून म्हणाला, "आई त्या दिवशी बसली नाही, सर." संध्याकाळी मी मुद्दाम बोळाच्या तोंडाशी गेलो. बाई लिंबांचे वाटे लावीत होत्या. म्हणाल्या, "कोणीतरी आदल्या दिवशी म्हणालं, उद्या रस्ता चालणाऱ्यांचा आहे, पाट्या दिसायला नकोत. खरं की खोटं, कोणाला विचारणार? माल उचलून नेला तर चार दिवसांची भर. म्हणून घरीच राहिले. आणि सर, चालणाऱ्यांचा म्हणजे कोणाचा हो? मी पहाटे मार्केट यार्डातून माल आणते, स्वारगेटपासून डोक्यावर घेऊन चालतच येते की."

मी दहा रुपयांची लिंबे घेतली आणि निघालो. दुसरे काही सुचले नाही.

ह्या बाईंना हुसकावले कोणी नव्हते. नुसत्या अफवेने त्या उठल्या. माणसाचा हक्क केवढा पातळ असला म्हणजे तो अफवेने फाटतो, हे त्या दिवशी कळले. २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा झाला. शहराच्या पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांमधून निवडून आलेले असावेत, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे त्यात लिहिले आहे. पण कागदावरचा चाळीस टक्के बोळाच्या तोंडापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तोवर तिला कोणी सांगत नाही, आणि विचारीत तर मुळीच नाही. मीही विचारले नव्हते. पत्र लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आई होती, दुकानदार होता, कोपनहेगन होते. रोज सकाळी ज्या पाटीवरून मी कोथिंबीर घेतो ती नव्हती.

तेव्हा मला जोतीरावांची हरकत आठवली. मंडई वाईट आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. एखादी चांगली गोष्ट करताना तिचे मोल कोण भरतो ते आधी पाहा, एवढेच ते म्हणत होते. शहराचा मध्यभाग पुन्हा मांडला जाणारच. २०२४ च्या सप्टेंबरात मंडईखालून मेट्रोही धावू लागली. डोक्यावर पाटी असलेल्या बाईला त्या जिन्यांचा आणि त्या गाडीचा किती उपयोग होतो, हे पाहण्यासारखे आहे. उद्या लक्ष्मी रस्ता कायमचा मोकळा झाला तर मला आनंदच होईल, कारण आईचे सुटलेले मनगट मी विसरलेलो नाही. पण त्या मोकळ्या रस्त्याच्या नकाशावर पहिली खूण लिंबाच्या पाटीची हवी. कुंड्या आणि बाके मागाहून. चालणाऱ्यासाठी रस्ता करायचा, तर जो आधीपासून चालत आला आहे त्याला प्रथम मोजा.

मुलाची वर्गणी पुढच्या महिन्यात आली. त्याने ती स्वतः आणून दिली. मी भरतो म्हणालो होतो, ते आईला चालले नाही.

यंदा नवी सातवी घेऊन मंडईत गेलो, तेव्हा तोच प्रश्न मी मुलांना विचारला : नको म्हणणाऱ्याचेच नाव का दिले? कोणी म्हणाले, ते थोर होते म्हणून. कोणी म्हणाले, चूक कबूल करायला. एक मुलगी बराच वेळ गप्प होती. तिने आपले उत्तर शेवटी सांगितले.

"म्हणजे भाजी विकणाऱ्याला रोज आठवण राहील, सर, की आपल्या बाजूनं कोणीतरी विचारलं होतं."

अत्र्यांच्या मनात काय होते ते अत्रे जाणोत. पण मी ते उत्तर वहीत लिहून घेतले आहे, आणि मागे माझ्याकडून राहिलेले त्या मुलाला ते पोहोचवले आहे. तो आता नववीत आहे. शाळा सुटली की बोळाच्या तोंडाशी आईशेजारी बसून तो गणिते सोडवतो.